‘सगळे सापेक्ष असते’ : एका गैरसमजाचा इतिहास

१

साहित्याच्या चर्चासत्रांत एक वाक्य वारंवार ऐकू येते. एखाद्या कवितेच्या दोन अर्थनिर्णयनांत विरोध दिसला, मूल्यमापनाच्या निकषांचा प्रश्न निघाला किंवा वाङ्मयेतिहासातील कालविभागणीवरून वाद झाला की कोणीतरी म्हणते, ‘‘शेवटी सगळे सापेक्षच असते, आइन्स्टाइननेही तेच सांगितले आहे.’’ या वाक्यानंतर चर्चा बहुधा थांबते. साक्षात आधुनिक भौतिकीची साक्ष काढल्यावर वाङ्मयाच्या अभ्यासकाने पुढे काय बोलायचे?

आइन्स्टाइन यांनी तसे सांगितलेले नाही. त्यांच्या सिद्धांताचा रोख जवळजवळ उलट दिशेचा आहे. मग हा समज निर्माण कसा झाला, तो शंभर वर्षे कसा टिकला आणि गणित न येणाऱ्या वाचकाला या सिद्धांतापर्यंत कितपत जाता येते, हे प्रश्न भौतिकीच्या इतिहासाइतकेच वाचनाच्या इतिहासाचेही आहेत. म्हणूनच त्यांचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी करणे अप्रस्तुत ठरू नये.

२

प्रारंभ नावापासून करावा लागतो. १९०५ मध्ये ‘अनालेन डेर फिजिक’ या जर्मन नियतकालिकात आइन्स्टाइन यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या शीर्षकात ‘सापेक्षता’ हा शब्द नाही. गतिमान पदार्थांचे विद्युत्-गतिशास्त्र असा त्याचा विषय आहे. निबंधात ‘सापेक्षतेचे तत्त्व’ येते, परंतु संपूर्ण सिद्धांताला हे नाव मिळू लागले ते १९०६ पासून, माक्स प्लांक आदी इतर शास्त्रज्ञांच्या लेखनातून व चर्चांतून.

हे नाव अपुरे आहे, असे वाटणारी माणसे तेव्हाही होती. आइन्स्टाइन यांचे एके काळचे शिक्षक हेर्मान मिन्कोव्स्की यांनी सप्टेंबर १९०८ मध्ये कलोन येथे दिलेल्या व्याख्यानात या सिद्धांताची नवी मांडणी केली. सुटे अवकाश आणि सुटा काळ यापुढे केवळ छायारूपाने उरतील, त्या दोहोंच्या संयोगालाच स्वतंत्र अस्तित्व राहील, असा त्या मांडणीचा आशय होता. त्याच व्याख्यानात ‘सापेक्षता’ हा शब्द आपल्याला फार दुबळा वाटतो, असे म्हणून त्यांनी ‘निरपेक्ष विश्वाचे गृहीतक’ हे नाव सुचवले. पुढे १९१० मध्ये गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी अविकारी राशींचा, म्हणजे निरीक्षणाची चौकट बदलली तरी न बदलणाऱ्या राशींचा सिद्धांत, अशा अर्थाचे नाव पुढे केले. यांपैकी एकही नाव टिकले नाही. रूढ नावामुळे तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रात गैरसमज झाले, हे आइन्स्टाइन यांनी १९२१ मधील एका पत्रात मान्य केले. पण तोपर्यंत ते बदलण्याची वेळ निघून गेली होती.

मराठीत ही अडचण दुहेरी झाली आहे. ‘सापेक्ष’ म्हणजे अपेक्षेसहित. संस्कृत व्याकरणात अर्थपूर्तीसाठी ज्या पदाला दुसऱ्या पदाची गरज भासते त्याला हे विशेषण लागते. आपले ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्ययही ‘अपेक्षा’ या शब्दापासूनच आलेले आहे. म्हणजे ‘सापेक्ष’ या शब्दातच ‘कशापेक्षा? कशाच्या अपेक्षेने?’ हा प्रश्न अनुस्यूत आहे. मूळ कल्पनेला हा शब्द चांगला शोभतो. घोटाळा होतो तो पुढे लागलेल्या ‘वाद’ या पदामुळे. मार्क्सवाद, वास्तववाद, अस्तित्ववाद या पंक्तीत ‘सापेक्षतावाद’ बसवला की ती एक जीवनदृष्टी वाटू लागते, पटली तर घ्यावी, न पटली तर सोडावी अशी. त्यातच, सत्य आणि नीती यांना व्यक्ती, समाज वा संस्कृती यांपलीकडे आधार नाही असे मानणाऱ्या तत्त्वज्ञानातील भूमिकेलाही आपण ‘सापेक्षतावाद’ असेच म्हणतो. इंग्रजीत या दोन कल्पनांसाठी निदान दोन वेगळे शब्द आहेत; आपल्याकडे पुष्कळदा एकाच शब्दाने दोन्ही कामे भागवली जातात. त्यामुळे भौतिकीपुरता तरी ‘सापेक्षता सिद्धांत’ हाच शब्दप्रयोग कटाक्षाने करणे इष्ट.

३

सिद्धांत सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला तो १९१९ च्या अखेरीस. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी दोन ब्रिटिश पथके ब्राझीलमधील सोब्राल आणि आफ्रिकेच्या पश्चिमेकडील प्रिन्सिपे बेट येथे गेली होती. प्रिन्सिपे येथील पथकात आर्थर एडिंग्टन होते. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वळतो, हे मोजायचे होते. १९१५ मध्ये पूर्ण झालेल्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार सूर्याच्या कडेशी हे वळण १.७५ विकला यायला हवे होते. न्यूटनच्या विचारपद्धतीने काढलेला आकडा त्याच्या निम्मा होता. ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनमध्ये रॉयल सोसायटी आणि रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी यांच्या संयुक्त सभेत निष्कर्ष जाहीर झाले. कौल आइन्स्टाइन यांच्या बाजूने होता.

दुसऱ्याच दिवशी लंडनच्या ‘टाइम्स’ने ही विज्ञानातील क्रांती असल्याचे मथळ्यातून जाहीर केले. १० नोव्हेंबरच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आकाशातील दिवे वाकडे झाल्याची बातमी दिली आणि हे पुस्तक समजू शकतील असे जगात फक्त बारा शहाणे आहेत, असेही छापले. ही बारा जणांची आख्यायिका पुढे फार फोफावली. ती सोयीची होती. जे कोणालाच समजत नाही त्याविषयी कोणीही काहीही बोलायला मोकळा राहतो. नुकतेच महायुद्ध संपले होते, साम्राज्ये कोसळली होती, जुन्या निष्ठा डळमळल्या होत्या. अशा वेळी काळ आणि अवकाशही स्थिर नाहीत ही बातमी आली. वाचकांनी ती आपल्या अनुभवाची पुष्टी म्हणून वाचली असल्यास नवल नाही.

या गैरसमजाला हातभार लावणारा पहिला विनोद खुद्द आइन्स्टाइन यांचा आहे, ही मौजेची गोष्ट. २८ नोव्हेंबर १९१९ च्या ‘टाइम्स’मध्ये त्यांचा लेख आला. त्याच्या शेवटी त्यांनी आपला सिद्धांत वाचकांच्या अभिरुचीला लावून दाखवला : आज जर्मनीत आपल्याला जर्मन शास्त्रज्ञ म्हणतात आणि इंग्लंडमध्ये स्विस ज्यू, उद्या आपण नकोसे झालो तर ही विशेषणे उलट होतील. विनोद मार्मिक होता आणि पुढील इतिहासाने तो कटूपणे खराही केला. मात्र ‘बघणाऱ्यावर अवलंबून’ हा सापेक्षतेचा लोकप्रिय अर्थ त्यातून अधिकच पक्का झाला. १९२१ मध्ये लंडनच्या भेटीत कॅंटरबरीचे आर्चबिशप रँडल डेव्हिडसन यांनी या सिद्धांताचा धर्मावर काय परिणाम होईल, असे त्यांना विचारले. काहीच नाही, हा निव्वळ विज्ञानाचा विषय आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. विनोद जितका पसरला तितके हे उत्तर पसरले नाही.

समजून घेण्याचे प्रामाणिक प्रयत्नही याच काळात झाले. ‘सायंटिफिक अमेरिकन’ने १९२० मध्ये ५,००० डॉलरच्या पारितोषिकाची स्पर्धा जाहीर केली. अट अशी, की सामान्य वाचकाला कळेल असा तीन हजार शब्दांपर्यंतचा निबंध लिहावा. पारितोषिक मिळाले ते ब्रिटिश पेटंट कचेरीत काम करणाऱ्या लिंडन बोल्टन यांना. १९०५ चा निबंध लिहिताना आइन्स्टाइनही बर्नच्या पेटंट कचेरीतच नोकरी करीत होते. भारतातही हालचाल सुरू झाली होती. १९२० मध्येच मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी केलेली आइन्स्टाइन व मिन्कोव्स्की यांच्या निबंधांची इंग्रजी भाषांतरे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रस्तावनेसह कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केली. ती इंग्रजीतील अगदी आरंभीच्या भाषांतरांपैकी आहेत.

४

तरीही गैरशास्त्रज्ञ वाचकासाठी सर्वांत महत्त्वाचे पुस्तक आइन्स्टाइन यांचेच आहे. १९१७ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या या छोट्या पुस्तकाचा रॉबर्ट लॉसन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२० मध्ये आला. वाचकाचे शिक्षण साधारण मॅट्रिकपर्यंतचे धरले आहे, मात्र त्याच्या ठायी चिकाटी आणि इच्छाशक्ती भरपूर हवी, असे लेखक प्रस्तावनेत बजावतात. मांडणीच्या डौलाची काळजी आपण केलेली नाही, तो प्रांत शिंप्यांचा आणि चांभारांचा, असे बोल्ट्झमन यांच्या आधारे सांगून स्पष्टतेसाठी केलेल्या पुनरुक्तीचे ते समर्थनही करतात. या पुस्तकातील आगगाडीचा दाखला बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. नेमकी चूक कोठे होते हे पाहण्यासाठी तो सावकाश वाचला पाहिजे.

सरळ रुळांवरून एक लांबलचक गाडी समान वेगाने चालली आहे. रुळांलगतच्या बांधावर दोन ठिकाणी वीज पडते. दोन्ही ठिकाणी गाडीवर आणि बांधावर खुणा उमटतात. बांधावरील दोन खुणांच्या बरोबर मध्ये उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही लखलखाट एकाच क्षणी दिसतात. अंतरे सारखी, प्रकाशाचा वेग सारखा; तेव्हा दोन्ही विजा एकाच वेळी पडल्या, असा निर्णय तो देतो. आता गाडीवरील दोन खुणांच्या बरोबर मध्ये बसलेला प्रवासी घ्या. तो पुढील लखलखाटाकडे चालला आहे आणि मागील लखलखाटापासून दूर जात आहे. म्हणून त्याला पुढचा लखलखाट आधी दिसतो.

बहुतेक वाचक येथेच थांबतात आणि ‘ज्याला जसे दिसले तसे’ असा अर्थ काढतात. येथवर मात्र नवे असे काहीच घडलेले नाही. विजेऐवजी दोन टोकांना दोन फटाके वाजले असते, तरी उघड्या डब्यातील प्रवाशाला पुढचा आवाज आधीच ऐकू आला असता. त्याने हिशेब केला असता की, आपण हवेतून पुढे जात आहोत, त्यामुळे पुढील आवाजाचा आपल्या अपेक्षेने वेग जास्त आणि मागील आवाजाचा कमी आहे. ही दुरुस्ती केल्यावर फटाके एकाच वेळी वाजले, हे त्यालाही मान्य झाले असते. ऐकण्यात फरक पडला तरी निर्णयात तो पडला नसता.

प्रकाशाच्या बाबतीत ही दुरुस्ती करता येत नाही. प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, बांधावरच्या माणसाला जेवढा मिळतो तेवढाच गाडीतल्या प्रवाशालाही मिळतो. संपूर्ण युक्तिवाद या एका वाक्यावर उभा आहे. प्रवासी आपल्या गाडीवरील दोन खुणांच्या मध्यावर आहे, दोन्हींकडून येणाऱ्या प्रकाशाचा वेग त्याच्या मोजमापाने सारखाच आहे, आणि तरीही पुढचा प्रकाश आधी पोहोचला. तेव्हा पुढची वीज आधी पडली, हा त्याचा निर्णय त्याच्या चौकटीत अचूक आहे. दृष्टिभ्रमाला येथे जागा नाही. दोन दूरच्या घटनांचे ‘एकाच वेळी’ घडणे चौकटीवर अवलंबून आहे, हे मान्य करावे लागते. घड्याळे मंदावणे, लांबी आखडणे हे सारे यातूनच निघते.

एककालिकता सापेक्ष ठरली, कारण प्रकाशाचा वेग सापेक्ष नाही. पारंपरिक समज आणि सिद्धांत यांत किती अंतर आहे, ते या एका कारणावरून ध्यानात येते. सर्वांसाठी समान असलेला नियम आइन्स्टाइन यांना हवा होता आणि त्यासाठी त्यांनी ‘सर्वांसाठी एकच वेळ’ ही सवयीची कल्पना सोडून दिली.

मिन्कोव्स्की यांच्या मांडणीत ही गोष्ट अधिक उघड होते. टेबलावर एक काठी तिरकी ठेवली आहे. टेबलाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना उभी असलेली माणसे ती किती आडवी आणि किती उभी पसरली आहे, हे आपापल्या दिशेने मोजतील. त्यांचे आकडे जुळणार नाहीत. पण त्यावरून काढलेली काठीची लांबी एकच येईल. दोन घटनांमधील काळाचे अंतर आणि अवकाशाचे अंतर यांचेही असेच आहे. सुटे आकडे चौकटीगणिक बदलतात. त्यांच्या विशिष्ट संयोगातून निघणारा ‘अंतराल’ मात्र सर्वांना एकच मिळतो. या संयोगात बेरजेऐवजी वजाबाकी येते, एवढा फरक लक्षात ठेवावा लागतो.

कार्यकारणाचा क्रमही सर्वांसाठी कायम राहतो. सूर्यावरून निघालेला प्रकाश पृथ्वीवर यायला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात. सूर्यावर आत्ता घडलेली घटना आणि येथे पाच मिनिटांनी घडणारी घटना यांच्यात प्रकाशही संबंध जोडू शकत नाही. अशा घटनांचाच क्रम चौकटीनुसार बदलू शकतो. जेथे एका घटनेचा परिणाम दुसरीवर होऊ शकतो, तेथे कोणत्याही चौकटीतून क्रम तोच दिसतो. पित्याआधी पुत्र जन्मल्याचे कोणालाही आढळणार नाही.

५

दुसरा घोटाळा ‘निरीक्षक’ या शब्दाने केला. निरीक्षक म्हटले की माणूस, त्याचे मन, त्याची दृष्टी असे वाटते. तेथून ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ फार दूर नाही. बर्ट्रंड रसेल यांनी १९२५ च्या आपल्या सुबोध पुस्तकात हा धोका ओळखला होता. निरीक्षकाच्या जागी घड्याळ वा छायाचित्राची काच ठेवली तरी सिद्धांतात काही बिघडत नाही, आणि सगळेच सापेक्ष असते तर ते ज्याच्या अपेक्षेने सापेक्ष ठरावे असे काही उरलेच नसते, असे त्यांचे म्हणणे.

म्यूऑन नावाच्या कणांचे उदाहरण याला पुष्टी देते. वातावरणात सुमारे १० ते १५ किलोमीटर उंचीवर हे कण तयार होतात. त्यांचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, एवढ्या वेळात प्रकाशही सुमारे ६६० मीटरच जाईल. तरी त्यांतील पुष्कळ कण जमिनीपर्यंत पोहोचतात, कारण वेगामुळे आपल्या मोजमापाने त्यांचे आयुष्य लांबते. म्यूऑनला मन नाही, मत नाही, संस्कृती नाही. त्याच्या बाबतीत ‘दृष्टिकोन’ हा शब्द अर्थहीन आहे.

तत्त्वज्ञाच्या कोटीतील वाचकही येथे अडखळला. ६ एप्रिल १९२२ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच तत्त्वज्ञान परिषदेच्या सभेत आइन्स्टाइन आणि हेन्री बर्गसाँ समोरासमोर आले. बर्गसाँ यांचा काळविचार साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. १९२७ चे साहित्याचे नोबेल त्यांनाच मिळाले. घड्याळाने मोजलेला काळ आणि जगलेला काळ यांतील भेद त्यांनी आयुष्यभर मांडला. मानसिक काळ आणि भौतिकीचा काळ हे दोनच काळ आहेत, तत्त्वज्ञांचा म्हणून तिसरा काळ नाही, अशा आशयाचे उत्तर आइन्स्टाइन यांनी दिले. त्याच वर्षी बर्गसाँ यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. वेगवान प्रवाशाचा मंदावलेला काळ हा स्थिर माणसाने कल्पिलेला आहे, तो कोणी जगत नाही. प्रवासी परतला की दोघांची घड्याळे जुळलेलीच असणार, असा त्यातील युक्तिवाद होता.

वादाचे पडसाद दूरवर गेले. डिसेंबर १९२२ मध्ये आइन्स्टाइन यांना १९२१ चे नोबेल दिले गेले ते प्रकाश-विद्युत् परिणामाच्या नियमासाठी. त्या वेळच्या भाषणात स्वांते अर्‍हेनिअस यांनी बर्गसाँ यांच्या आक्षेपाचा उल्लेखही केला. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. जमिनीवरील घड्याळांच्या तुलनेत पूर्वेकडे गेलेली घड्याळे सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. वेग आणि गुरुत्व या दोहोंचा तो एकत्रित परिणाम होता. परत आलेली घड्याळे जुळली नाहीत. जगलेल्या काळाविषयी बर्गसाँ यांनी जे सांगितले त्याचे मोल यामुळे कमी होत नाही. स्वतःच्या प्रांतातील खरे निरीक्षण दुसऱ्या प्रांतातील मोजमापावर लादले, तेवढ्या जागी ते चुकले.

६

साहित्य आणि समीक्षा यांनी हा सिद्धांत कसा वापरला, हा आपल्या जिव्हाळ्याचा भाग. लॉरेन्स ड्यूरेल यांनी ‘अलेक्झांड्रिया क्वार्टेट’मधील ‘बाल्थझार’ (१९५८) या कादंबरीच्या आरंभीच्या टिपणात स्पष्ट म्हटले आहे की, रचनेसाठी आपण सापेक्षतेचा आधार घेतला : अवकाशाच्या तीन बाजू आणि काळाची एक. त्याप्रमाणे पहिल्या तीन कादंबऱ्या एकाच घटनासमूहाभोवती फिरतात आणि चौथीत काळ पुढे सरकतो. कादंबरी म्हणून ही रचना फलदायी आहे. मात्र तीत व्यक्तींची अर्धवट माहिती, त्यांचे हेतू आणि आत्मवंचना यांमुळे सत्य बदलत जाते; म्हणजे ती माणसांच्या दृष्टिकोनांची सापेक्षता आहे. लेखकाला रूपक घेण्याचा अधिकार आहे. समीक्षकाने मात्र रूपकाला पुरावा समजू नये.

समीक्षेत असे घडले आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये बाल्टिमोर येथील परिषदेत जाक देरिदा यांनी वाचलेला निबंध आज आपल्या एम.ए.च्या वर्गांतही शिकवला जातो. त्यानंतरच्या चर्चेत झां इपोलित यांनी आइन्स्टाइन यांच्या स्थिरांकाविषयी प्रश्न विचारला आणि देरिदांनी त्यावर काहीसे गूढ उत्तर दिले. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, भौतिकीचे प्राध्यापक अ‍ॅलन सोकल यांनी ‘सोशल टेक्स्ट’ या नियतकालिकाला मुद्दाम निरर्थक विधानांनी भरलेला निबंध पाठवला. त्यात हे उत्तर मोठ्या आदराने उद्धृत केले होते. निबंध छापला गेला आणि लगेच सोकल यांनी ती थट्टा असल्याचे जाहीर केले. पुढे झां ब्रिकमाँ यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी देरिदांना या आरोपातून बहुतांशी वगळले, कारण ते एक सुटे, तोंडी उत्तर होते. ब्रुनो लातूर यांच्या १९८८ च्या निबंधाची मात्र तपशीलवार झडती घेतली. लातूर यांनी आइन्स्टाइन यांचे वर उल्लेखिलेले सुबोध पुस्तकच चिन्हमीमांसेच्या अंगाने वाचले होते आणि त्यातील निरीक्षकांना माणसांसारखे पात्र मानून अर्थ लावला होता. रसेल यांनी ज्या खड्ड्याची खूण करून ठेवली होती, त्याच्या अगदी जवळची ही जागा.

या प्रकरणाचा उपयोग काहींनी साहित्याभ्यासाची टवाळी करण्यासाठी केला, तो अन्यायकारक होता. परंतु ‘विज्ञानवाल्यांना आमची भाषा कळत नाही’ एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. साहित्याचा अभ्यासक शब्दाच्या संदर्भाला जपतो, अशी त्याची ख्याती असते. ‘निरीक्षक’, ‘सापेक्ष’, ‘स्थिरांक’ हे शब्द ज्या संहितेत आले त्या संहितेत त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न तर आपल्याच शिस्तीतला आहे. येथे कमी पडले ते वाचन.

७

मराठी वाचकाला या विषयाचा एक जवळचा दुवा आहे. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत आणि सापेक्षता हे त्यांच्या संशोधनाचे क्षेत्र होते. त्यांचे पुत्र जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा पर्यायी सिद्धांत मांडला; म्हणजे आइन्स्टाइन यांच्याशी वाद घालण्याइतके ते त्या सिद्धांतात मुरलेले होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. टोपणनावाची आद्याक्षरे म्हणजे त्यांच्याच आद्याक्षरांचा उलटा क्रम. ज्या कृष्णविवराची संकल्पना आज व्यापक सापेक्षतेवाचून मांडता येत नाही, ते मराठी कथेचे शीर्षक झाले. २०२१ च्या नाशिक येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. विज्ञान सोपे करताना ते खोटे होऊ देऊ नये, ही शिस्त त्यांच्या मराठी लेखनाने घालून दिली आहे.

मग गणित न येणाऱ्या वाचकाला हा सिद्धांत समजतो का? विशिष्ट सापेक्षतेचा गाभा, म्हणजे एककालिकतेचा युक्तिवाद, त्याला समजू शकतो. त्यासाठी प्रत्येक पायरीवर थांबून ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची तयारी हवी. व्यापक सापेक्षतेत तो फार पुढे जाऊ शकणार नाही. वक्र अवकाश-काळाची भूमिती त्याला दुरूनच पाहावी लागेल. आपल्या समजुतीची ही हद्द ठाऊक असणे हाही समजण्याचाच भाग आहे. दरम्यान हा सिद्धांत आपल्या खिशात येऊन बसला आहे : भ्रमणध्वनीला स्थान कळवणाऱ्या उपग्रहांवरील घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि त्याचा हिशेब यंत्रणेत आधीच करून ठेवावा लागतो. ‘सगळे सापेक्ष असते’ एवढेच म्हणून तो हिशेब झाला नसता. नेमके किती आणि कशाच्या अपेक्षेने, हे सांगावे लागले.

अर्थनिर्णयनांच्या अनेकतेचा प्रश्न साहित्यात खरा आहे, महत्त्वाचा आहे आणि तो आपल्याच साधनांनी सोडवायचा आहे. एखाद्या कवितेचे दोन अर्थ संभवतात असे म्हणताना कोणत्या संकेतांच्या, कोणत्या संदर्भाच्या अपेक्षेने, हे सांगता आले पाहिजे. आणि दोन्ही वाचनांत कवितेतील कोणते शब्द, कोणता क्रम, कोणती रचना तशीच राहते, हेही दाखवता आले पाहिजे. हा आग्रह समीक्षेचा स्वतःचा आहे, त्यासाठी भौतिकीची साक्ष लागत नाही. पुढच्या चर्चासत्रात कोणी आइन्स्टाइन यांचे नाव घेऊन वाद मिटवू लागले, तर त्यांना ‘कशाच्या अपेक्षेने?’ एवढेच विचारावे आणि चर्चा पुढे चालू ठेवावी.